मानाची विश्रांती

"मायाक्का, पळी खाली ठेवा आणि जरा बाहेर या."

लोंढे गुरुजी शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. एरवी ते आत यायचे, झाकण उचलून वास घ्यायचे आणि मीठ बघायच्या निमित्तानं वाटीभर खिचडी उभ्या उभ्या संपवायचे. त्या दिवशी त्यांच्या नाकाला रुमाल होता.

"गुरुजी, खिचडी खाली लागंल. हितनंच बोला."

"लागू द्या. या तुम्ही."

पदराला हात पुसत मी बाहेर आले तसे गुरुजी मागं सरले. मी पुढं झाले, ते आणखी मागं. असं करत आम्ही झेंड्याच्या खांबापर्यंत पोचलो. खांब पाठीला लागला म्हणून ते थांबले.

"कांताबाईंनी तक्रार केली आहे," गुरुजी म्हणाले. कांताबाई म्हणजे शाळा समितीच्या अध्यक्षीणबाई. त्यांचा नातू दुसरीत होता. "त्यांचं म्हणणं असं, की तुम्हाला जो... तो आजार झाला होता, तो शिजवताना वाफेतून उतरतो. मुलांना लागेल."

"छातीचा कॅन्सर? वाफंतनं?"

गुरुजींनी दचकून वर्गांकडं पाहिलं. कॅन्सर हा शब्द पोरांनी ऐकला तर त्यांची हरकत नव्हती. छाती ऐकू नये एवढंच.

"तसं नसतं हे मला माहीत आहे. मी बी.एस्सी. आहे."

"मग तसं सांगा की त्यास्नी."

"मायाक्का, माहीत असणं वेगळं आणि शाळा चालवणं वेगळं."

ती खिचडी पोरांच्या पोटात गेली नाही. गुरुजींनी ती मागच्या ओढ्याला ओतायला लावली. गावातली कुत्री पोटभर जेवली. त्यातल्या एकालाही काही झालं नाही, पण कुत्र्याची साक्ष कोण काढतंय?

आमचं गाव जत तालुक्याच्या टोकाला. दोन ओढे ओलांडले की कर्नाटक. माझा नवरा बिराप्पा मेंढरं राखायचा आणि मी शाळेत खिचडी शिजवायची. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात माझी डावी बाजू काढली, मग औषधं, मग केस गेले, मग केस आले. सुटी देताना तिथल्या नर्सबाईनं बजावलं होतं, "डावा हात जपायचा. जड उचलायचं नाही, भाजून घ्यायचं नाही, कापून घ्यायचं नाही. नाहीतर हात सुजेल." सगळं आयुष्य चुलीपुढं गेलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला भिजू नको म्हणण्यातलाच प्रकार. तरी मी मान डोलावली. बाई मायाळू होती.

पोलक्यात काय भरायचं हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी कापूस भरला. तो एसटीत हिसके बसले की वर सरकायचा आणि गळ्याशी येऊन बसायचा. मग कापडी पिशवी शिवून हुलगे भरले. वजन बरोबर साधलं, पण वैशाखात घामानं त्यांना मोड आले. बिराप्पा म्हणाला, "आता उसळ तरी कर." शेवटी मोहरी भरली आणि ती टिकली. वाकताना थोडी कुरकुरायची एवढंच.

माझ्यावर ग्रामपंचायतीत बैठक बसली. सरपंच होत्या शेवंतावैनी, म्हणजे सही त्यांची असायची. बाकी सरपंचकी त्यांच्या नवऱ्याची. त्याला सगळं गाव अण्णा म्हणायचं. अण्णा मधल्या खुर्चीवर, वैनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर डोक्यावरून पदर घेऊन, आणि मी नि बिराप्पा दाराबाहेर. वारा आमच्याकडून आत येतोय म्हणून कुणीतरी आम्हाला दुसऱ्या बाजूला बसवलं.

"माझा नातू वाळून चाललाय," कांताबाई म्हणाल्या.

"त्यो जलमापास्नंच बारीक हाय," बिराप्पा बाहेरून म्हणाला.

"मधी बोलू नगंस," अण्णा म्हणाले. "हे बघा, मायाक्का आपलीच हाय. तिला काढायचं असं कोण म्हणतंय? तिला इश्रांती द्यायची. मानानं द्यायची. ह्ये लेडीजचं दुखणं नाजूक असतंय."

"पण मी बरी हाय की, अण्णा," मी म्हटलं. "डाक्टरनी काम कर म्हणून सांगितलंय."

"डाक्टर मिरजंत. गाव हितं."

वैनींनी मान वर केली. काहीतरी बोलणार असं वाटलं. पण अण्णांनी कागद पुढं सरकवला आणि वैनींनी सही केली. माझ्या मानधनातला मान गावानं मला दिला, धन तेवढं काढून घेतलं. माझ्या जागी अण्णांची मेहुणी निर्मला लागली. तिची खिचडी एकतर पातळ व्हायची नाहीतर करपायची, पण तिला कसला आजार नव्हता.

विश्रांती कशी असते ते मला त्या वर्षात कळलं. हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर सगळ्यात शेवटी, भांडी घासायच्या आधी. दळपाच्या गिरणीत माझं पीठ दुसऱ्या कुणाच्या आधी दळायचं नाही, मागून दळायचं. तेही दळून झाल्यावर गिरणीवाला मूठभर जोंधळा फिरवून जातं धुऊन काढायचा. खुरपणीला कुणी बोलवेना. बिराप्पाची मेंढरं मात्र माझ्या हातचं पाणी बिनतक्रार प्यायची. एकदा मी रडले तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं, माणसास्नी मेंढरं म्हणत्यात ह्ये. मेंढरांना म्हाईत न्हाई, न्हाईतर रागावली असती."

मग एके दिवशी सकाळी अण्णाच आमच्या दारात.

"मायाक्का, आनंदाची बातमी हाय!"

"या की, बसा. च्या टाकते."

"नगं नगं. आत्ताच पिऊन आलोय." पाणी? पाणीपण आत्ताच पिऊन आले होते. अंगणातल्या बाभळीखाली उभं राहून त्यांनी बातमी सांगितली. महिला दिनाला ताईसाहेब येणार होत्या. ताईसाहेब म्हणजे जिल्ह्यातल्या मोठ्या पुढाऱ्याच्या बायको. त्यांची संस्था गावोगाव कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांचा सत्कार करत होती. ज्या गावात सत्काराला बाई असेल त्याच गावात ताईसाहेबांचा पाय लागणार. पाय लागला की समाजमंदिर मंजूर.

"आन् आपल्या गावात तू हाईस!" अण्णांचे डोळे भरून आले होते. "शेजारच्या गावात धा हजार वस्ती, पण एक बाई न्हाई. बसल्यात तोंड बघत."

"नशीब म्हणायचं गावाचं."

"तेच की. गुलाबी लुगडं संस्था देणार. गुरुजी भाषण लिवून देतील, तेवढं म्हण." मग त्यांचं लक्ष माझ्या डोक्याकडं गेलं. चेहरा पडला. "केस आले व्हय गं?"

"आले की. वरीस झालं."

"एवढे?" ते विचारात पडले. "बघ, पदर जरा घट्ट घे. लई बरी दिसाय लागलीयास तू."

भाषण गुरुजींनी पाठवून दिलं. 'माझ्या कठीण काळात गावाने मला मायेची ऊब दिली' अशी सुरुवात होती. बिराप्पानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "ह्ये कुठल्या गावचं हाय?"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, दुपारी गाव झोपलेलं असताना मागच्या बोळातून शेवंतावैनी आल्या. त्या सरपंच झाल्यापासून मी त्यांना एकटं कधी पाहिलं नव्हतं. त्या सरळ घरात शिरल्या आणि रांजणातलं पाणी तांब्यानं घेऊन घटाघटा प्यायल्या. मी बघतच राहिले.

"मायाक्का, ताईसाहेबास्नी हुग्गीच पायजे म्हणं. जतच्या आचाऱ्याला पुरी-भाजीबिगर काय येत न्हाई. निर्मलानं काल करून बघितली, खळ झाली."

हुग्गी म्हणजे आमच्याकडची खपली गव्हाची खीर. गहू सडायचा, तासन् तास शिजवायचा, मग गूळ, खोबरं, खसखस, वेलदोडा. ढवळणं थांबलं की बिघडली. लग्न असो, जत्रा असो, गावात हुग्गी माझ्याच हातची व्हायची. आधी.

"माझ्या हातची चालंल का गावाला, वैनी?"

"हातचं कळलं तर न्हाई चालायची. चवीचं कळलं तर चालंल." वैनी खाली मान घालून म्हणाल्या. "मी सांगीन माज्या म्हायेरनं आली म्हणून. अण्णास्नी सुदीक म्हाईत न्हाई. तुजं नाव मात्र घेता यायचं न्हाई गं."

"बरं," मी म्हटलं. बाई आली, पाणी प्यायली, मागून गेली. नाही म्हणायला तोंड उघडेना.

मोठी कढई आमच्या परसात चढली. डावा हात भरून आला होता, म्हणून ढवळायला बिराप्पा. "ह्यास्नी घालायचं आन् वर मीच घोटायचं," असं म्हणत तो घोटत राहिला. मी शेजारी बसून सांगत गेले, जाळ काढ, दूध घाल, तळाशी ने. पहाटेपर्यंत हुग्गी अशी उतरली की बिराप्पाही गप्प झाला. वैनींनी पाठवलेल्या टेंपोनं ती गेली आणि मी गुलाबी लुगडं नेसून स्वतःच्या सत्काराला निघाले.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. फलकावर माझा रेशनकार्डावरचा फोटो एवढा मोठा केला होता की मी सत्काराची बाई आहे का फरार, ते कळत नव्हतं. खाली लिहिलं होतं 'कर्करोगविजेती रणरागिणी'. व्यासपीठावर मला खुर्ची होती. शेजारच्या खुर्चीपासून ती जरा लांब ठेवली होती, पण तिला झालर लावली होती.

ताईसाहेबांना उशीर झाला, म्हणून पंगती आधीच बसवल्या. मी वरून बघत होते. गुरुजींनी वाटी बोटानं पुसून घेतली. अण्णा प्रत्येक पंगतीत उभं राहून, "वाढा, वाढा, आमच्या सासुरवाडीची हाय," म्हणत होते. कांताबाई नातवाला मांडीवर घेऊन भरवत होत्या आणि एक घास त्याला, दोन स्वतःला असं चाललं होतं. "माणसानं खावी तर अशी," त्या शेजारणीला म्हणाल्या. मला व्यासपीठावर सीलबंद पाण्याची बाटली दिली होती.

ताईसाहेब आल्या. बाई उंच, आवाज मोठा, हसणं मोकळं. आल्या आल्या त्यांनी मला मिठी मारली. फोटोवाला म्हणाला, "ताईसाहेब, परत एकदा, इकडं बघून." परत मिठी. "आणखी एक." तिसऱ्या मिठीला मोहरी कुरकुरली.

"हे काय वाजतंय?" त्यांनी कानात विचारलं.

"मोहरी," मी म्हटलं.

त्या मागं सरतील असं वाटलं होतं. त्या सरल्या नाहीत, हळूच म्हणाल्या, "संस्थेनं लुगडं द्यायच्या आधी हे विचारायला हवं होतं." मग माईक आला आणि त्यांचा आवाज पुन्हा मोठा झाला. कॅन्सर स्पर्शानं होत नाही, श्वासानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, असं त्यांनी सांगितलं. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात अण्णा वाजवत होते. गुरुजींनीही रुमाल खिशात घालून वाजवल्या.

मग ताईसाहेबांना तिथंच वाटीत हुग्गी दिली. त्यांनी चमचा तोंडात घातला, थांबल्या, डोळे मिटले. "माझी आजी अशी करायची," त्या माईकवरच म्हणाल्या. "कुणी केली ही? त्या बाईला बोलवा वर. आज दोन सत्कार होऊ द्या."

अण्णा उठून हात जोडत म्हणाले, "आमच्या मंडळींनीच म्हायेरनं—"

"मग सरपंचबाईंना बोलू द्या ना. इतका वेळ तुम्हीच बोलताय."

लोक हसले. माईक वैनींच्या हातात आला. सरपंच झाल्यापासून त्या माईकवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. अण्णा खालून ओठ हलवून सांगत होते, 'म्हायेर, म्हायेर.' त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खाली पंगतीकडं.

"मी न्हाई केली," त्या म्हणाल्या. "मायाक्कानं केलीया. तिच्या घरात, तिच्या हातानं."

कांताबाईंचा घास हातातच राहिला. कुणीतरी नळाकडं पळालं आणि चुळा भरू लागलं. एकानं पोटावर हात ठेवला. ताईसाहेबांनी मात्र टाळ्या सुरू केल्या, आणि त्या टाळ्या वाजवतात म्हटल्यावर अण्णांना वाजवाव्याच लागल्या. अण्णा वाजवतात म्हटल्यावर गुरुजींना. हळूहळू सगळा मांडव, तोंडं वाकडी करून, टाळ्या वाजवू लागला.

माईक माझ्याकडं आला. गुरुजींचं भाषण पदराच्या गाठीला होतं. ते सोडवत बसायला वेळ नव्हता.

"जेवा," मी म्हटलं. "कढईत अजून हाय." मग वाटलं, बोलतेच आहे तर बोलून घ्यावं. "गुरुजी, सोमवारपास्नं शाळंत येऊ न्हवं?"

गुरुजींनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी ताईसाहेबांकडं पाहिलं.

"म्हणजे?" ताईसाहेबांनी विचारलं. "या कामावर नाहीत?"

"आहेत, आहेत!" अण्णा म्हणाले. "इश्रांती दिली होती. मानानं."

सोमवारी गुरुजींनी स्वयंपाकखोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "वरून आदेश आला," ते म्हणाले. कुठून ते त्यांनी सांगितलं नाही. कांताबाईंनी थोडे दिवस नातवाला घरचा डबा दिला. मग एकदा तो खिचडीच्या रांगेत दिसला. मी त्याला पळीभर जास्त वाढली.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी मी परसात कढई घासत होते, तेव्हा वैनी पुन्हा आल्या. या वेळी पुढच्या दारानं.

"अण्णा लई बोलले का हो?" मी विचारलं.

"बोलले." त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "मायाक्का, तुला पयल्यांदा कसं कळलं होतं?"

"काय?"

त्यांनी माझा ओला हात धरला आणि पदराखाली नेला. माझ्या बोटांना ती लागली. लिंबाएवढी, टणक, जागची न हलणारी. माझ्या हाताला राख होती, तशीच त्यांच्या पोलक्याला लागली.

"कवापास्नं?"

"तुजी बैठक झाली, त्याच्या आदल्या म्हयन्यात कळलं. त्यादिशी बोलणार होते मी. मग समदं ऐकलं आन् सही केली."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मी हात धुतले आणि म्हटलं, "उद्याच्याला पहाटंची एसटी हाय."

अण्णांना आम्ही त्याच रात्री सांगितलं, की वैनींना महिला सरपंचांच्या प्रशिक्षणाला मिरजेला जायचंय आणि सोबतीला मी. प्रशिक्षणाला अण्णांनी कधी आडकाठी केली नाही, भत्ता मिळायचा. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, उशीर झालाय, पण हात टेकायची वेळ आलेली नाही. नवऱ्याला बोलवा.

अण्णा आले ते धावतच. गर्दीच्या व्हरांड्यात, बाकड्यावर, वैनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. गाव नाही, माईक नाही, नुसता एक घाबरलेला माणूस.

"वरीसभर अंगावर काढलंस?" ते म्हणाले. "अगं, मला सांगायचं हुतं की. मी काय परका हाय? का बोलली न्हाईस?"

वैनींनी पदर सारखा केला. आवाज चढवला नाही.

"बैठकीचं अध्यक्ष तुमीच हुता," त्या म्हणाल्या.

अण्णा बाकड्याच्या टोकाला, आम्हा दोघींच्या शेजारी येऊन बसले. मी पिशवीतली भाकरी काढली, अर्धी त्यांना दिली. त्यांनी खाल्ली. भूक लागली होती की लाज वाटत होती ते त्यांचं त्यांना माहीत.

शेवंताचं ऑपरेशन झालं, पुढची औषधंही झाली. केस गेले तेव्हा ती उघड्या डोक्यानं ग्रामपंचायतीत मधल्या खुर्चीवर जाऊन बसली. उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही, आणि छाती हा शब्दही तिथं पहिल्यांदा तिनंच मोठ्यानं उच्चारला. तिला मोहरीची पिशवी मी शिवून दिली. आता त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. मिरजेला तपासणीला आम्ही अजून जोडीनं जातो. ती मला मायाक्का म्हणते, मी तिला शेवंता. वैनी कधी गळालं ते आठवत नाही.

गेल्या खेपेला परत येताना फाट्यावर एसटी थांबली, तर तिथं नवीकोरी पाटी. कसल्याशा स्पर्धेत गावाचा नंबर आला होता. अण्णांनी पुढाकार घेऊन लावलेली, त्यांचा हात जोडलेला फोटोही होता. शेवंताला लांबचं दिसत नाही म्हणून मी वाचून दाखवलं, 'कर्करोगमुक्त गावात आपले हार्दिक स्वागत.'

कंडक्टरनं घंटी मारायला हात वर केला.

"मायाक्का," ती म्हणाली, "आपुन हितं उतरावं का तसंच फुडच्या गावाला जावं गं?"

"उतर की," मी म्हटलं. "पाटी काय आपल्याला इचारून लावलीया?"